दिवाळीत अठरा पूर्ण होतील. मोटारसायकल घेऊन द्यावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सविस्तर आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा आशय आधी थोडक्यात देत आहे. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात राहता. मुलगा बारावीत आहे आणि येत्या दिवाळीत त्याला अठरा वर्षे पूर्ण होतील. त्याचे महाविद्यालय आणि क्लास चौदा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी आहेत. सकाळची एसटी मिळते, परंतु क्लास सायंकाळी साडेसातला सुटतो आणि त्यानंतर तुमच्या गावाला गाडी नाही, म्हणून गेले वर्षभर तो वडिलांची मोटारसायकल घेऊन जातो. दिवाळीला दोनशे सीसीची नवी गाडी घेऊन देण्याचा शब्द वडिलांनी त्याला दिला आहे. गेल्या हंगामात त्याचा एकोणीस वर्षांचा मित्र रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि गेला. लोक जमले होते, पण पोलिसांचे लचांड नको म्हणून बराच वेळ कुणी त्याला उचलले नाही. यजमान म्हणतात, "पोराला किती दिवस पदराला बांधून ठेवणार?" मुलगा म्हणतो, "तो जोरात होता, मी जोरात चालवत नाही. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" गाडी घेऊच देऊ नये, की गळ्याची शपथ घालून देऊन टाकावी, असे तुम्ही विचारले आहे, आणि शेवटी, अपघातात सापडलेल्याला उचलणारा माणूस खरोखर अडचणीत येतो का, हेही.

आधी दिवाळीपर्यंतचे सांगते, कारण त्यात मला तडजोडीला जागा दिसत नाही. आजपासून त्याने मोटारसायकल चालवू नये. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी गियरच्या मोटारसायकलचा शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. सोळाव्या वर्षाची जी सवलत कायद्यात आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीपुरती आहे आणि तुमच्या घरची गाडी त्यात बसत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. यजमानांनी शेवटच्या तरतुदीकडे विशेष लक्ष द्यावे. चार-पाच महिने थांबणे जड वाटते म्हणून सात वर्षांचा परवाना पणाला लावला जात आहे.

विम्याची बाजू याहून गंभीर आहे आणि गावाकडे तिचा विचार फारसा होत नाही. परवाना नसलेल्या चालकाकडून दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा कुणी दगावले, तर विमा कंपनीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई द्यायला लावते, पण ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. मृत व्यक्ती कमावती आणि तरुण असेल, तर भरपाई तिच्या उरलेल्या कमाईच्या वर्षांवर मोजली जाते आणि तो आकडा एखाद्या शेतकरी कुटुंबाची जमीन विकायला लावील इतका मोठा असू शकतो. "गावात सगळ्यांचीच पोरं नेतात, कुणाला काय झालं?" या प्रश्नाचे उत्तर गेल्या हंगामात तुमच्याच गावाने पाहिले आहे.

आता साडेसातनंतर त्याने घरी यायचे कसे, हा खरा व्यावहारिक पेच आहे. तो सोडवल्याशिवाय नुसती बंदी घातली तर ती आठवडाभरही टिकणार नाही, आणि आडमार्गाने मित्राच्या गाडीवर मागे बसून येणे सुरू होईल, जे अधिक वाईट. त्याच क्लासला तुमच्या आणि शेजारच्या गावांतली आणखी मुले जात असणार. त्यांच्या पालकांनी एकत्र जाऊन क्लासच्या सरांना दुपारची तुकडी मागावी किंवा वेळ तासभर अलीकडे घ्यायला सांगावे. एकट्या आईचे म्हणणे टाळले जाते, पण दहा पालक दारात उभे राहिले की सरांनाही विचार करावा लागतो. सायंकाळच्या जादा फेरीसाठी ग्रामपंचायतीच्या पत्रासह आगारप्रमुखांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत पासधारक विद्यार्थ्यांची यादी जोडा. विद्यार्थ्यांना मासिक पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत असल्यामुळे एसटी पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. हे जमेपर्यंत पालकांनी पाळी लावून मुलांना आणायला जावे. वडाप, म्हणजे खासगी जीपची प्रवासी वाहतूक, हा पर्याय तुमच्याकडे आहेच, पण मागच्या फळीवर लोंबकळत येणारे वडाप मी सुचवणार नाही.

दिवाळीनंतर मात्र मी तुमच्या बाजूने पूर्णपणे उभी राहू शकत नाही, आणि हे तुम्हाला थोडे दुखवील याची मला जाणीव आहे. गाडी कायमची नाकारू नका. चौदा किलोमीटरवर शिक्षण, पुढे कदाचित नोकरी, शेतीची कामे, दवाखाना या सगळ्यांसाठी तुमच्या भागात मोटारसायकल ही गरज आहे. घरून नाकारलेली गाडी तो बाहेर चालवणारच, आणि ती दुसऱ्याची, अनोळखी ब्रेकची, बिनहेल्मेटची असेल. त्यामुळे प्रश्न गाडी द्यायची की नाही असा ठेवू नका. कोणत्या वेळी, कुणाबरोबर आणि कोणत्या वेगाने तो ती चालवील, हे घरात ठरवून द्या.

मुलगा म्हणतो की तो गाडी चांगली चालवतो, आणि मला ते खरे वाटते. या वयातल्या मुलांचे हात, डोळे आणि चपळाई आपल्यापेक्षा निश्चितच सरस असते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार पाच ते एकोणतीस या वयोगटात जगभर मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांतली महाराष्ट्रातली पंधरा हजारांहून अधिक होती, आणि देशभरातल्या मृतांत दुचाकीवरच्यांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. मेलेल्या मुलांपैकी बहुतेकांबद्दल गावात "गाडी झकास चालवायचा" असेच बोलले जात असणार. हात बसणे आणि धोका आधी ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट महिन्याभरात येते. पुढच्या बांधावरून ट्रॅक्टर रस्त्यावर चढणार आहे, थांबलेल्या एसटीच्या पुढून पोर धावत येणार आहे, टेम्पोवाला इंडिकेटर न देता वळणार आहे, हे घडण्याच्या दोन सेकंद आधी मनात येणे ही दुसरी गोष्ट. ती वर्ष-दोन वर्षे रस्त्यावर काढल्यावरच येते. त्यात या वयात मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून पुरता परिपक्व झालेला नसतो, आणि मागे मित्र बसला की तो आवर आणखी सैल होतो, असे प्रयोगांतून दिसले आहे.

ही अडचण ओळखून न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. तिथे नव्या चालकाला शिकाऊ परवान्यानंतर लगेच पूर्ण मोकळीक मिळत नाही. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि बरोबर मित्र घेता येत नाहीत. पुढे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या राज्यांनीही ही रीत उचलली आणि नवख्या तरुण चालकांचे अपघात तिने कमी केले. आपल्याकडे शिकाऊ परवाना मिळून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि तीत पास झाला की मुलगा रात्री, पावसात, मित्राला मागे घेऊन कुठेही जायला कायद्याने बराचसा मोकळा होतो. कायद्याने जो मधला टप्पा ठेवला नाही, तो तुम्हाला घरात ठेवावा लागेल, असा माझा आग्रह आहे.

त्या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची अट रात्रीची. ती सविस्तर सांगते, कारण त्याचा मित्र रात्रीच गेला आणि दिवाळीनंतर लगेच तुमच्याकडे कारखान्यांची धुराडी पेटतात. सवयीने आपल्याला कळेनासे होते की गाळप हंगामात तुमचा रस्ता वर्षभराचा रस्ता राहत नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे बाहेर आलेले उसाचे शेंडे, त्यांखाली झाकला गेलेला किंवा मुळात नसलेलाच रिफ्लेक्टर, आणि पंक्चर झाली म्हणून रस्त्याच्या कडेला अंधारात उभी सोडलेली ट्रॉली. शेतातून निघालेल्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल दवाने ओला होतो, तो वेगळाच. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर दिव्याने काही क्षण काहीच दिसत नाही.

आता मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. बारावीला विज्ञान असेल तर तो स्वतःच मांडील. ताशी साठ किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातोच आणि मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी सुमारे तेवीस मीटर. म्हणजे एकूण चाळीस मीटर. डिपरवर, म्हणजे झोत खाली केलेला असताना, मोटारसायकलचा दिवा साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंतचाच रस्ता नीट दाखवतो. दिवे नसलेली ट्रॉली त्याला दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेली नसेल, मग त्याचे हात कितीही तयार असोत. चाळीसच्या वेगाला हेच अंतर वीस-एकवीस मीटर होते. "तो जोरात होता, मी जोरात चालवत नाही" असे मुलगा म्हणतो, तेव्हा त्याला विचारा की तो स्वतः रात्री किती वेगाने येतो. पन्नास-साठ म्हणाला, तर अंधारात तोही जोरातच आहे. म्हणून पहिला संपूर्ण हंगाम, म्हणजे साधारण मार्चअखेरपर्यंत, दिवस मावळल्यावर त्याने गाडी चालवू नये. त्यानंतरचे सहा महिने रात्री चालवायची वेळ आलीच तर चाळीसच्या आत.

दुसरी अट, वर्षभर मागे मित्र नाही. शिकाऊ परवान्यावर तर प्रशिक्षकाखेरीज कुणालाही मागे बसवण्यास नियमानेच मनाई आहे आणि ट्रिपल सीट कधीच कायदेशीर नसते. मित्राला "नाही" म्हणणे या वयात फार अवघड जाते. त्यासाठी त्याला घरचे नाव पुढे करू द्या. "आमच्या घरात चालत नाही, वडील गाडी काढून घेतील" हे वाक्य तो बोलू शकला पाहिजे आणि वडिलांनी ते खरे ठरवायची तयारी ठेवली पाहिजे. यात्रा, वाढदिवसाचे ढाब्यावरचे जेवण, मिरवणुकीनंतरचा परतीचा प्रवास, या वेळी दारू मुलाने घेतली नसली तरी गाडी चालवणाऱ्या मित्राने घेतलेली असते. अशा वेळी रात्री बारा वाजता फोन केला तरी न रागावता न्यायला येऊ, असे त्याला आजच सांगून ठेवा, आणि तो दिवस आला तर खरोखरच त्या रात्री एक शब्दही बोलू नका. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी.

फोनबद्दल तुम्हालाच एक विनंती आहे. क्लास सुटल्यापासून तो घरी येईपर्यंत तुम्ही त्याला दोन-तीनदा फोन करता, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामागची घालमेल मला समजते. पण तो गाडीवर असतो तेव्हा तुमचा फोन वाजतो, आईचा फोन म्हणून तो हेल्मेटमध्ये किंवा मानेत धरून घेतो, आणि नेमका तोच क्षण तुमच्या मनातल्या सगळ्या भीतींपेक्षा जास्त धोक्याचा असतो. निघताना त्याने कळवावे, फोन बॅगेत टाकावा, पोहोचल्यावर पुन्हा कळवावे. मधल्या अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही फोन करायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, पण करा.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून सिद्ध झालेले आहे. आयएसआय शिक्क्याचे, पूर्ण चेहरा झाकणारे, डोक्यावर घट्ट बसणारे घ्या; एक-दीड हजारात चांगले मिळते. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही, तर आपटताना हेल्मेट डोक्याच्या आधी निघून जाते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या अर्ध्या टोप्यांवर पैसे घालवू नका.

घरात एकाऐवजी दोन हेल्मेटे आणा. यजमान "गावातल्या गावात कशाला" म्हणून हेल्मेट घालत नाहीत, असे तुमच्या पत्रातूनच कळते. अठरा वर्षे ज्याने वडिलांना उघड्या डोक्याने गाडी चालवताना पाहिले आहे, त्याला हेल्मेट म्हणजे पोलीस दिसल्यावर घालायची वस्तू वाटणारच. मुलाला अटी घालण्याचा अधिकार वडिलांना हवा असेल, तर ज्या दिवशी मुलगा हेल्मेट घालील त्याच दिवशी त्यांनीही घातले पाहिजे. तसेच महामार्गाच्या सेवा रस्त्याने पुढचे वळण टाळण्यासाठी उलट्या दिशेने जाण्याची जी पद्धत तुमच्याकडे पडली आहे, तीही घरातल्या मोठ्यांनी आधी सोडावी.

दोनशे सीसीच्या गाडीला माझा स्पष्ट विरोध आहे. शब्द दिला असेल तर तो वडिलांनी मोकळेपणाने बदलावा: गाडी देऊ, पण शंभर ते सव्वाशे सीसीची. चौदा किलोमीटरच्या कामाला ती पुरून उरते. गाडी आल्यावर पहिले काही रविवार वडिलांनी त्याला मोकळ्या मैदानावर न्यावे आणि ब्रेक मारायला शिकवावे. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची अकारण भीती असते; पडू म्हणून मुले फक्त मागचा दाबतात आणि गाडी घसरते. वास्तविक थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. दोन्ही एकत्र, पुढचा झटका न देता वाढवत दाबायचा, आधी कोरड्या जमिनीवर आणि मग ओल्यावर. परवान्याच्या चाचणीत हे फारसे पाहिले जात नाही, म्हणून घरीच शिकवायला हवे.

शपथ घालू नका, ताई. शपथ मोडली तर तो ती लपवील, आणि मग पहिली छोटी पडझड, पहिला चुकता चुकता वाचलेला अपघात तुम्हाला कळणारच नाही. "आज ट्रॉलीला घासता घासता वाचलो" असे त्याने येऊन सांगितले, तर ते ऐकून घेण्याइतके मन घट्ट करा, कारण त्या माहितीवरच पुढचा अपघात टळू शकतो.

त्याच्या मित्राबद्दल घरात नीट बोलणे झाले आहे का, याचा उल्लेख पत्रात नाही. "तो जोरात होता" या वाक्यात मला उद्धटपणा ऐकू येत नाही. जिवाभावाचा सोबती असा गेला, हे सहन होण्यासाठी मूल स्वतःला सांगते की त्याचे काहीतरी चुकले होते आणि माझे चुकणार नाही. त्या मित्राचे नाव फक्त धाक दाखवायला घेऊ नका. एखाद्या संध्याकाळी गाडीचा विषय न काढता मुलाला त्या मित्राबद्दल बोलू द्या. मुलगा खूप दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, अभ्यासातून उठून गेला असेल, तर जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाची सोय असते, तिथे न्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अपघातग्रस्ताला मदत करणारा अडकत नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आल्यामुळे ते संरक्षण कायद्यातच लिहिले गेले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची, साक्षीदार होण्याची किंवा दवाखान्याचे पैसे भरण्याची सक्ती करता येत नाही, आणि मदत करताना सद्भावनेने काही कमी-जास्त झाले तरी त्याच्यावर खटला होत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात. १०८ ला फोन करावा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, पाणी पाजू नये, आणि श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. मान आणि पाठ एका रेषेत ठेवूनच उचलावे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्या फडावर लावायला सांगा, आणि सरपंचांना सोबत घेऊन कारखान्याच्या शेतकी कार्यालयात जा. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे, उसाने झाकले जाणार नाही अशा उंचीवर, लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती वजनकाट्यावर घेऊ नये, अशी लेखी मागणी हंगाम सुरू होण्यापूर्वी करा.